कुंकवाआडचा काटा

मी काटा बोलतोय. पायात मोडणारा नव्हे आणि घशात अडकणारा माशाचाही नव्हे. मालवणच्या किनाऱ्यावर काटा म्हटलं की लोकांना आधी तेच आठवतं, म्हणून सांगून ठेवतो. इंजिनाचं तेल किती तापलंय ते दाखवणारा मी काटा. काळी तबकडी, तिच्यावर काच, भोवती पितळेची कडी, एवढाच माझा संसार. मला फार काही कळत नाही, पण जे कळतं ते खोटं सांगत नाही. मग कुणाला राग येवो.

माझा जन्म विलायतेतला. तिथून मी मुंबईच्या एका शेटजींच्या खाजगी विमानात बसलो. इंजिन सुरू झालं की पायलट माझ्याकडे बघत थांबायचा. तेल थंड असेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही, मागे खुद्द शेटजी चुळबुळत असले तरी. आकाशात चढताना मी धोक्याच्या तांबड्या रेघेकडे सरकलो की तो विमानाचं नाक जरा खाली घ्यायचा आणि इंजिनाला वारा खाऊ द्यायचा. असा मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

त्या विमानाचा मेकॅनिक होता तारकर्लीचा फॉस्टिन. विमान भंगारात निघालं तेव्हा त्यानं मला मागून घेतलं, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलं आणि आगबोटीनं गावी आणलं. नंतर कितीतरी दिवस मी त्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून होतो. कुठं आकाश आणि कुठं ट्रंक! खूप रडू आलं. पण रुसून बसणाऱ्यातला मी नाही.

किनाऱ्यावर तेव्हा इंजिनाच्या होड्या नुकत्या येऊ लागल्या होत्या. फॉस्टिनचा शेजारी सत्यवान यानं धाकट्या भावाच्या, लवूच्या, जोडीनं लाँच घेतली आणि फॉस्टिनला ड्रायव्हर नेमलं. फॉस्टिननं मला इंजिनाशेजारी बसवलं. सत्यवानाला मी मुळीच आवडलो नाही. "शिडाक कधी काटो लागलो होतो?" असं तो मला ऐकवायचा.

मग ती नारळी पौर्णिमा आली. लाँच खाडीत तोंडाजवळच नांगरून ठेवली होती. सकाळी पूजा झाली. लवूची बायको आनंदी हिनं इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, आणि मी तर पाहुणा देव, म्हणून माझ्या काचेवर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. तो नेमका तांबड्या रेघेवर बसला. नारळ वाहिला, ओंजळी भरभरून तेरड्याची फुलं आणि विड्याची पानं लाँचच्या अंगालाच पाण्यात सोडली. सगळे खुशीत होते. पूजा आटोपून आनंदी किनाऱ्यावर उतरली.

लवूला मात्र दम नव्हता. दर्याला नारळ दिला, आता कसली भीती, म्हणून तो लहान होडी घेऊन एकटाच बाहेर गेला होता. तेवढ्यात किनाऱ्यावरून ओरड आली. खाडीच्या तोंडापलीकडे त्याची होडी उलटली होती आणि तो तिला धरून लोंबकळत होता.

फॉस्टिननं इंजिन सुरू केलं. मी तळाशीच होतो.

"चालू झाला मा? मगे सोड!" सत्यवान ओरडला.

"थांब. काटो वर येवंदे."

"माझो भाव थंय बुडता हा, नि तू काट्याक बघत बसलंस?"

"थंड तेलार जोर दिलंय तर लाटांत बंद पडात. मगे तुका नि लवूक, दोघांक कोण आणतलो?"

सत्यवानानं दात-ओठ खाल्ले. वाळूवर उभ्या असलेल्या आनंदीकडे बघवत नव्हतं. मला धावत वर जावंसं वाटत होतं हो! पण तेल तापेल तेवढाच मी चढणार. खोटं चढून दाखवलं असतं तर लवूचा जीव घेतला असता. मी मधल्या खुणेवर पोचलो आणि फॉस्टिननं नांगर उचलायला सांगितलं.

खाडीच्या तोंडावर लाटा फुटत होत्या. लाँच जोरात निघाली आणि मी चढू लागलो. चढत चढत कुंकवाआड गेलो. मी तांबड्यावर होतो आणि कुणाला दिसत नव्हतो.

फॉस्टिनच्या ते लक्षात आलं. त्याचा अंगठा काचेपर्यंत आला आणि थांबला. हे आनंदीनं लावलेलं कुंकू, आणि तिचा नवरा समोर पाण्यात. ते पुसायचं कसं?

"सत्यवान, कुंकू…" तो एवढंच म्हणाला.

सत्यवान पुढे सरकला. मग म्हणाला, "बाजूक सर. मी पुसतंय." आणि त्यानं सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली. 

फॉस्टिननं लगेच जोर कमी केला, पण नाळ, म्हणजे लाँचचं पुढचं टोक, लाटेसमोर धरून ठेवली. इंजिनाला गार ठेवणारं पाणी ज्या जाळीतून आत येतं, ती सत्यवानानं पालथं पडून उघडली. आत तेरडा आणि विड्याची पानं गच्च बसली होती. दर्याला वाहिलेली फुलं लाँचनंच गिळली होती! त्यानं मुठीनं उपसून काढली. पाणी खळखळून आलं आणि मी हळूहळू उतरलो. मग त्यांनी लवूला गाठलं आणि सदऱ्याला धरून वर ओढलं.

तो धापा टाकत पहिलं वाक्य बोलला, "दादा, इंजिनाचो आवाज येय होतो रे. निघाक कित्याक नाय?"

सत्यवानानं रडत रडत त्याला छातीशी धरलं. 

किनाऱ्यावर काच पाहताच आनंदी थबकली. सत्यवान मान खाली घालून म्हणाला, "मी पुसलंय." तिनं एकदा भिजलेल्या लवूकडे पाहिलं. "बरा केलात, दादानू," ती म्हणाली. तेव्हापासून ती टिळा पितळेच्या कडीला लावते आणि फुलं किनाऱ्यावरून सोडते.

आता फॉस्टिन गोव्यात कामाला गेला आहे. माझ्या काचेला तडा गेलाय, कडी खाऱ्या हवेनं हिरवी पडलीय. पण मी अजून सरळ चढतो आणि सरळ उतरतो, आणि मोडेपर्यंत तसाच चालेन. तुमच्याकडे एक मागणं आहे. तांबडं दाखवणाऱ्याचा राग धरू नका, त्याची काच तेवढी पुसत जा.

लाँच आता लवू चालवतो; त्या दिवशी निघायला उशीर का झाला, ते फॉस्टिननं जाण्याआधी त्याला शिकवलंय. सकाळी बाकीच्या लाँची पुढे निघतात, मागून खलाशी घाई करतात. धक्क्याला बांधलेला दोर हातात धरून तो माझ्याकडे बघत उभा असतो.

"थंय होडयेक धरान वाट बघणारो मी होतंय," तो म्हणतो. "माका नको सांगा."

 मी वर येतो, आणि लवू दोर सोडतो.