पाठ फिरवून ओढलेली बिडी

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो. कुणी मला खाट म्हणतात, तेही मला चालतं. सागाचे चार पाय आणि अंबाडीची दोरी. जंगलपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या एका खेड्यात पतिरामने मला स्वतःच्या हाताने विणलं. तो जंगलात कामाला जायचा आणि परतला की माझ्यावर बसून बिडी पेटवायचा. माझी जागा चुलीजवळ, घरातली सगळ्यात उबदार. त्याचा मला भारी तोरा होता.

पुढे त्याच्या मुलाचं, दुर्गेशचं लग्न झालं आणि रीना घरात आली. सुनेचा मान राखायचा म्हणून पतिराम तिच्याकडे पाठ करून बिडी ओढू लागला. ती चुलीपाशी खोकायची, पण सासऱ्याला सांगणार कोण? २००७ साली तिला मुलगा झाला. वजन भरलं एक किलो नऊशे. दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. पोर वाचलं, पण ते दिवस आठवले की मला अजून वाईट वाटतं.

दोन वर्षांनी रीनाला पुन्हा दिवस गेले. या वेळी आरोग्याचं काम पाहणाऱ्या गावच्या आशाताई अल्का घरी आल्या आणि त्यांनी सरळ बिडीचाच विषय काढला.

"मी तं पाठ करून ओढतो. तिले काऊन लागन?" पतिराम म्हणाला.

"काकाजी, पाठ केली तरी धूर घरातच राहते. रीना तोच श्वासात घेते, अन् पोटातल्या लेकराले त्रास होते."

बाळ कमी वजनाचं होण्याला कारणं बरीच असतात, चुलीचा धूरही त्यातच आला. पण बिडी तर आजच घराबाहेर नेता येईल, असं त्यांनी समजावलं. पतिराम उठला, मला डोक्यावर घेतलं आणि अंगणापलीकडे मोहाच्या झाडाखाली नेऊन टाकलं. खोटं कशाला सांगू, मला राग आला. थंडी, दव, त्यात कोंबड्या अंगावर चढायच्या. पण घरात पुन्हा बिडी पेटली नाही, आणि बाहेरही कमी होत गेली.

मुलगी झाली, दोन किलो आठशे. रीना पहिल्यांदाच सासऱ्याशी स्वतःहून बोलली, "मामाजी, आता बाज आत आणा."

पतिरामने हातपाय धुतले, सदरा बदलला आणि नात मांडीवर घेतली.

"राहू दे बाहेरच," तो म्हणाला. "आता तं तिले सोताचं नाक आहे, धूर सरळ तिच्याच नाकात जाईन."

मी तेव्हापासून मोहाखालीच आहे आणि खूश आहे. मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला प्रेमाने सांगा, सोडून दे. सुटत नाही तोवर निदान घराबाहेर जा. तो रुसला, तर खुशाल माझं नाव सांगा.