वाकड्या दातांची तपासणी

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोत वाकड्या दातांवर एकच इलाज: उपटा आणि कवळी बसवा. माझी मावशी, तिया लूर्देस, हिनं लग्नाआधी वरचे सगळे काढून घेतले होते. आता तिची नजर माझ्यावर.

"सोमवारी तपासणी ना? शनिवारीच उपटून घे. असले दात बघून जहाजावर कोण घेईल तुला? भांडी घासायलासुद्धा नाही!"

मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण व्हायचं म्हणून एकेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी वाट पाहिली होती. भर समुद्रात दाताचा डॉक्टर कुठून आणणार, म्हणून दात तपासल्याशिवाय कुणाला चढूच देत नाहीत. नापास झाले की संपलं.

माझे दात म्हणजे बाजारातली गर्दी, एकमेकांना कोपरानं ढकलणारी. शाळेत असताना मधल्या फटीत माशाचा काटा अडकला आणि आठवडाभर गाल सुजला. तेव्हापासून जेवण झालं की आधी ब्रश, मग दोरा, मग आरशासमोर एकेक फट. पंचवीस वर्षं! भाऊ दारावर थापा मारायचा, "दात घासतेस की घर रंगवतेस?" मारू दे.

"तिया, नापास झाले तर तुझ्या त्या दात काढणाऱ्याकडे मीच जाऊन बसेन. पण आधी नाही."

सोमवारी माझ्यापुढे एक देखणा खलाशी होता, दात कसे ओळीत लावलेले. त्याचे पाच किडलेले निघाले. तो तोंड पाडून बाहेर आला आणि मी आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात आरसा घातला. एकेक दात निरखला. मग शेजारच्या डॉक्टरला हाक मारली. गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

"हे बघा," त्या त्याला म्हणाल्या, "इतके दाटीवाटीचे दात, आणि एकही किडलेला नाही! हिरड्यासुद्धा ठणठणीत. बाई, करता काय तुम्ही?"

"घरच्यांची बोलणी खाते," मी म्हटलं, "आणि मग दात घासते."

पासचा शिक्का बसला. घरी येऊन तो कागद मी तियाच्या नाकासमोर नाचवला. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तिनं तो दोनदा वाचला.

"माझेही असेच होते गं," ती हळूच म्हणाली. "ठेवता येतात, हे कुणी सांगितलंच नाही." मग एकदम ओरडली, "एमेलिन!"

तिची बारा वर्षांची नात ओठ घट्ट मिटून दारात उभी राहिली.

"तुझे दात काढायचे नाहीत. ही मावशी शिकवेल तसं घासायचं."

जहाज सुटायला बारा दिवस होते. पुष्कळ झाले, मी म्हटलं.