कोकिळाची जागा

थांबा, पाय पुसू नका. मी पायपुसणं नाही हो! निदान जन्मानं तरी नाही. मी बसकरपट्टी बोलतेय, सोनपेठकडच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची.

एसटीच्या टपावर गुंडाळी होऊन मी आले, तेव्हा अंगाला नव्या तागाचा वास होता. पोरांनी मला उलगडलं, आधी कोलांट्या मारल्या आणि मग बसली. तेवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

शाळा म्हणजे एक खोली, चार वर्ग आणि रंगनाथ गुरुजी. दुसरीला पाढे लावून ते चौथीला भूगोल सांगायचे, तोवर पहिलीत मारामारी सुरू. त्यात मतदारयाद्या, गुरांची मोजणी, सगळी सरकारी कामं गुरुजींच्याच गळ्यात. तरी माणूस जीव लावणारा होता.

माझ्या टोकाला ऊसतोड करणाऱ्या व्यंकटीची कोकिळा बसायची. माझी सुतळी उसवायची तिला खोड. मला गुदगुल्या व्हायच्या, म्हणून कधी रागावले नाही. दसरा झाला की आईबाप कारखान्याकडे निघायचे आणि धाकट्या भावाला सांभाळायला तीही जायची. परतायची ती उन्हाळा लागल्यावर. त्यामुळे तिसरीत आली तरी तिला धड वाचता येईना. पोरं तिला ढ म्हणायची आणि तिलाही ते पटायला लागलं होतं.

एकदा गुरुजींनी फळ्यावर विळ्याचं चित्र काढलं. "याचं पहिलं अक्षर लिही," म्हणाले. कोकिळानं ठसठशीत 'इ' काढली. गुरुजींनी मान हलवली, वर्ग फिदीफिदी हसला. ती येऊन खाली मान घालून बसली. माझ्यावर टपटप थेंब पडले.

मधल्या सुटीत अंगणातलं गवत बघून गुरुजी एका पोराला ओरडून म्हणाले, "भुजंग, घरून इळा आन रे!"

कोकिळा ताडकन उठली. "गुरुजी, तुमी बी इळाच म्हन्लाव की!"

गुरुजी असे हसले की धोतर सावरावं लागलं. "खरंय बाई. माझी माय बी इळाच म्हनती. तू ऐकलं तसं लिहिलंस. तुझे कान लय चांगले हायेत."

त्यांनी फळ्यावर 'इळा' आणि 'विळा' शेजारी शेजारी लिहिलं. मग काय, कोकिळा रोज घरून शब्द आणायला लागली. इहीर आणि विहीर, इस्तू आणि विस्तव. दसऱ्यापर्यंत ती बोट ठेवून अख्खा धडा वाचायला लागली. ते दिवस आठवले की माझे जीर्ण धागे अजून सुखावतात.

दसरा झाला. तिची आई गोजरबाई तिला न्यायला शाळेच्या दारात आली. ट्रक गावाबाहेर उभा होता.

"एवढं साल ठेवा हिला," गुरुजी म्हणाले. "आता कुठं वाचायलीय."

"मला काय वाटत न्हाई का, गुरुजी? पन उसाच्या फडात धाकल्याला कोन बघंल? आन हिला हितं कोनापशी ठिवू?"

कोकिळा उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. "माजी जागा कोनाला दिऊ नका," एवढंच म्हणाली.

गुरुजींनी ती कुणाला दिली नाही. उन्हाळ्यात ती परतली, तेव्हा तिसरीचं पुस्तक संपत आलं होतं. तिनं ओळीवर बोट ठेवलं. बोट पुढे सरकेना. थोडे दिवस आली. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा आलीच नाही.

आता शाळेत बाकं आली आणि मी दारात आले. परवा आपल्या भागातल्या विद्यापीठाला नवं नाव मिळालं म्हणून गावातल्या केशरबाईच्या लेकानं इथं पेढे वाटले. चांगलंच झालं. पण त्या विद्यापीठाच्या दारापर्यंत जायचं तर आधी इथं बसावं लागतं ना?

फुकटच्या शाळेतली पोरं ढ असतात, असं येणारेजाणारे म्हणतात. इतकी वर्षं मी पोरं अंगावर बसवली, मला एकही ढ भेटलं नाही. उठून जावं लागलेली मात्र खूप भेटली. म्हणून हात जोडून सांगते, पोरांना बसू द्या. दसऱ्यानंतरही बसू द्या.