तळ्याचं पाणी आणि सासूबाईंची माया

मी एक आइसबॉक्स बोलतोय. निळं अंग, पांढरं झाकण आणि स्वभाव थंड. माझ्या भावंडांच्या पोटात सरबतं गेली, फळं गेली. माझ्या पोटात विज्ञान गेलं. तेव्हा थोडी ऐट मी मिरवणारच.

मला विकत घेतलं एका संशोधक बाईंनी. तळ्यातल्या शेवाळावर त्यांची पीएचडी चालली होती. घरात तान्ही मुलगी, नवऱ्याची दवाखान्यात पाळीची नोकरी, आणि नातीला सांभाळायला सासूबाई. विभागातले थोरले प्राध्यापक येता-जाता ऐकवायचे, "बाई, दोन दगडांवर पाय ठेवू नका." बाई हसून सोडून द्यायच्या, पण घरी आल्या की तेच वाक्य मनात घोळवत बसायच्या.

तळं वर्षातून एखादाच आठवडा हिरवंगार व्हायचं. आधीच्या वर्षी तो आठवडा बाळंतपणात गेला. आता हुकला असता तर मुदत संपून संशोधनच बंद पडणार होतं. त्या दिवशी बाईंनी बाटल्या भरल्या, बर्फात उभ्या केल्या आणि प्रयोगशाळेत जाण्याआधी लेकीला पाजायला घरी थांबल्या.

तेवढ्यात सासूबाईंनी माझं झाकण उघडलं. "शी, हे काय पाणी म्हणायचं?" असं म्हणत त्यांनी सगळं मोरीत ओतलं. बाटल्या लख्ख घासल्या, गाळलेलं पाणी भरून पुन्हा ठेवल्या. वर सुनेला कौतुकाने म्हणाल्या, "दिवसभर उन्हात असतेस, म्हटलं बरोबर चांगलं पाणी असू दे." मी ओरडून सांगत होतो, पण आमचं कोण ऐकतं?

बाई माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. "आई, ते पिण्याचं नव्हतं. तेच माझं काम होतं. जाऊ दे, आता नाही जमायचं माझ्याच्याने."

सासूबाईंचा चेहरा पडला. पण त्याही खमक्या. चपला पायात सरकवून त्यांनी नातीला कडेवर घेतलं.

"नाही जमायचं म्हणे! ऊठ. मी ओतलंय, मीच भरायला येते. पोर भुकेजली तर तिथेच पाज."

सून पाण्यात, सासू काठावर. सून बाटली भरून द्यायची आणि आजी एका हाताने नात सावरत ती माझ्या बर्फात खोचायची. उजेड होता तोवर आम्ही प्रयोगशाळा गाठली. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता.

आज बाई स्वतः प्राध्यापक आहेत. सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमच्या शेवाळावरचं संशोधन परदेशात छापून आलंय." माझं मात्र बिजागर तुटलंय, झाकण दोरीने बांधावं लागतं.

काल एक विद्यार्थिनी संशोधन सोडते म्हणून सांगायला आली. घरी जुळी मुलं. "मॅडम, तुम्ही एकटीने कसं निभावलंत?"

"एकटीने? कुणी सांगितलं तुला?" बाई म्हणाल्या. "उद्या तळ्यावर जायचंय. नवऱ्याला घेऊन ये. मुलांनाही आण."

म्हणून म्हणतो, मला एवढ्यात भंगारात टाकू नका. भरलो की मी चांगलाच जड होतो, आणि उद्या माझी एक कडी तिच्या नवऱ्याच्या हातात असणार आहे.