शोभाताई बसतील अशी गाडी

या, जवळ सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या, सतरंजी मोकळीच आहे. आज देवादिकांची नाही, आपल्या हुडकेश्वरातल्या एका गाडीची गोष्ट सांगतो. गाडीची म्हणून मन दुसरीकडे नेऊ नका. भगवंतानं स्वतः सारथ्य केलं आहे, त्याला हा विषय परका नाही.

गोपाळराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची पांढरी गाडी वळणावर हटून बसे, स्टीअरिंग दगडासारखं जड होई. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी खोललं, जोडलं, पुन्हा खोललं. शेवटी कंपनीचाच फोन आला. त्या खेपेच्या गाड्यांत दोष निघाला आहे, आता चालवू नका, आम्ही परत घेतो. बदल्यात आमच्याच शोरूममधली दुसरी निवडा, पण महिना संपायच्या आत.

दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. गोपाळरावांना मात्र घोर लागला, कारण त्या गाडीतून शोभाताई यायच्या.

शोभाताई म्हणजे आपल्या देवळातल्या कीर्तनकार. वय झालं तरी पहिला नमनाचा सूर लागला की मागच्या रांगेतली कुजबुज आपोआप थांबते. उजवा गुडघा तेवढा पुरता वाकत नाही. ऑटोत पाय मावत नाही, स्कूटरचं तर नावच नको. पांढऱ्या गाडीची पुढची सीट बसकी आणि चांगली मागे सरकणारी. ताई आधी टेकायच्या, मग पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायच्या. कीर्तनकाराला घरून आणायचं आणि घरी पोचवायचं, हा आपला रिवाज. गोपाळरावांनी ती सेवा आपल्याकडे घेतलेली. नवी गाडी ताईंना जमली नाही तर त्यांचं घराबाहेर पडणं थांबणार, आणि कीर्तनही.

मुलगा सौरव सावनेरकडच्या खाणीत इंजिनिअर. त्याचंही काही चूक नव्हतं.

"उंच गाडी घेऊ, बाबा. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळणी केली. बसकी गाडी हर खड्ड्यात पोट घासते. मले रोज वाटते, आज टाकी फुटली."

"अन् ताईचं काय करू गा?"

"पायदान लावून घेऊ ना! त्यायचं कीर्तन एकादशीले, मी रोज जाऊन राहिलो."

सौरवची आई पुष्पलताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ताईलेच नेऊन बसवून पाहा. दोघं बापलेक घरात काहून भांडून राहिले, बाप्पा!"

ते पटलं. एकादशीच्याच सकाळी ताईंना अनंतच्या गाडीतून शोरूममध्ये नेलं. अनंत म्हणजे शेजारी, त्याची गाडी लहानशी पण बसकी. रितिका नावाच्या तिथल्या मुलीनं उंच गाडीला पायदान लावून ठेवलेलं. ताईंनी नऊवारीचा घोळ सावरला, दांडी धरली, डावा पाय पायदानावर रोवला आणि चढल्या की वर!

"अगंबाई! अंबारीत बसल्यासारखं वाटून राहिलं."

"आजी, फोटो काढू?"

"काढ वं पोरी. पण चेहऱ्याचा काढ, गुडघ्याचा नको."

सगळे हसले. गोपाळरावांचा जीव भांड्यात पडला. हीच ठेवा म्हणाले. रितिकानं संध्याकाळपुरती गाडी चालवून पाहायला दिली, आणि सौरव म्हणाला, आज ताईंना देवळातून हिच्यातच नेतो.

आता चूक कुठं झाली ते ऐका. आपण कीर्तन ऐकणारे, बसून ऐकतो. उभं कोण असतं ते विसरतो. ताईंच्या गुरूंची शिस्त अशी की कीर्तनाला उभं राहिलं की आरती होईपर्यंत टेकायचं नाही. आणि दुसरी शिस्त, स्वतःसाठी काही मागायचं नाही. इतकी वर्षं कीर्तनं ऐकून हे घरातल्या माणसाच्या सवयींसारखं ठाऊक असताना गोपाळरावांनी ताईंना पाहिलं ते सकाळी, झोप झालेली, चहा घेतलेला असताना.

त्या संध्याकाळी आख्यान विदुराचं होतं. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, गळ्यात हार पडला, आख्यान रंगलं. देव कण्या खाऊ लागले तेव्हा पुष्पलताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आरती झाली, मग पाया पडणाऱ्यांची रांग. ताई त्या रांगेसाठीही उभ्याच.

सौरव फाटकाशी दार उघडून थांबलेला. ताईंनी दांडी धरली, डावा पाय पायदानावर ठेवला. भार घेताच तो चांगला पायही लटपटला. उतरल्या. पुन्हा ठेवला, पुन्हा उतरल्या. मग हसून म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, गोपाळराव. मी अंमळ बसते देवापाशी."

"अन् मग कशानं याल, ताई?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"येईन वं. मले काय घाई आहे!"

आणि त्या आत वळल्या. बसल्या नाहीत. खांबाच्या आड उभ्या राहून, कोणी बघत नाही असं समजून गुडघा चोळत राहिल्या. ते सौरवला फाटकातून दिसलं. त्यानं गाडीचं दार आवाज न करता लोटलं आणि अनंतकडून त्याची गाडी मागून आणली. ताईंना तिच्यातून घरी सोडलं.

सकाळी त्यानंच रितिकाला फोन लावला. "ती बसकी गाडी आहे का अजून?"

"आहे, पण फक्त कथ्थई रंगात. उंच गाडीत काही बिघडलं का?"

"गाडीत नाही. पुढच्या कीर्तनाले ती देवळात आणू द्या. आरतीनंतर पाहू."

गोपाळराव ऐकत होते. "अन् सावनेर?"

"खाणीची बस जाते ना. नवी बसकी गाडी त्या खड्ड्यात नाही घालत."

"तुले बस लागते गा! लहानपणी रामटेकपर्यंत धड आला नाहीस कधी."

"खिडकीपाशी बसीन," सौरव म्हणाला. चेहरा आताच बस लागल्यासारखा झालेला.

पुढच्या एकादशीला आरतीनंतर कथ्थई गाडी फाटकाशी उभी राहिली. ताई टेकल्या, पाय हातांनी उचलून आत घेतला, दार ओढलं. मग काच खाली करून म्हणाल्या, "ती उंच गाडी काहून सोडली? छान होती."

"रंग नाही आवडला, ताई," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"अन् हा आवडला?"

सौरवनं गाडी सुरू केली.

तो अजून बसनंच जातो, खिशात आवळासुपारी ठेवून. ताईंना खरं कारण कोणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. माझं मागणं एवढंच: आरती आटोपून चपला शोधायला धावाल तेव्हा क्षणभर मागे वळा, आणि "तुम्ही व्हा पुढे" म्हणणाऱ्या शोभाताईंना आठवा.