वर केलेलं वल्हं

हितेशभाईंचा निरोप सकाळीच फोनवर येऊन पडला होता. "नारू, सीझन संपला यार. दोन-चार मिनिटं बोलून पाठव ना, कसा गेला, काय काय मिळालं. ग्रुपवर टाकतो. आणि तो मोठा जिताडा, त्याचा किस्सा तर पाहिजेच!"

नारूने चार वेळा फोन तोंडापुढे धरला आणि चारही वेळा खाली ठेवला. मे संपत आला होता. आज नरपडच्या किनाऱ्यावर होड्या पाण्यातून वर ओढायच्या होत्या. पहिली होडी नारूचीच ओढली. ज्याच्या घरात त्या वर्षी माणूस गेलं, त्याची होडी आधी, अशी इथली रीत. वीस-पंचवीस हात लागले आणि होडी सरसर वर सुरूच्या झाडांखाली येऊन बसली. आता तो तिच्या सावलीत बसला होता, आणि सीझन कसा गेला हे आठवत होता. म्हणजे आठवायचं नाही असं ठरवत होता.

सुरुवात तर झकास झाली होती. नारळी पुनव झाली, खाडीचं गढूळ पाणी निवळलं आणि मुंबई-वापीहून गळवाले यायला लागले. ही मंडळी जाळं लावत नाहीत की कोळंबीचं आमिष लावत नाहीत. कोंबड्याच्या पिसांचा इवलासा मासा करतात, त्यात गळ लपवतात, आणि लांब लवचीक काठीने जाड दोर हवेत पुढे-मागे झुलवत तो पाण्यावर टाकतात. मासा फसला की ओढायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. त्यांना होडीतून फिरवायचं, मासा कुठे बसलाय ते दाखवायचं, हे नारूचं काम. दोन वर्षांत तो त्यात इतका मुरला, की कोसबाडच्या लडक्या नावाच्या कोंबडीवाल्याकडून गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं आणून आमिषं स्वतःच बांधायला लागला.

गावाने यथेच्छ टिंगल केली. "नारू माशांना आंघोळ घालून आणतो," असं बायका बाजारात सांगायच्या. त्याची बायको शांती तर तोंडावर विचारायची, "सोडायचा तर पकडायचा कशाला? त्याला काय, लग्नाला बोलावलं होतं?" नारू हसायचा. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायला लागलं होतं. बापाने आणि आजोबाने मासा टोपलीतच बघितला, मेलेला. नारूने तो हातातून सुटून जाताना बघितला. आधी शेपटी जराशी हलते, मग अंगात जोर येतो, आणि एक झटका देऊन मासा काळ्या पाण्यात नाहीसा होतो. त्या झटक्यासाठी तो पहाटे उठायचा, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

एका माणसाला मात्र सांगितलं होतं. भिकीताईला.

भिकी त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा नारू चार वर्षांचा होता. भिकीने त्याला खांद्यावर घेऊन सुकट विकली, आणि पुढे नवरा गेल्यावर ती परत भावाच्या शेजारी येऊन राहिली. हाडाची काटक, तोंडाची फाटकी. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला ना, लहानपणी ताप डोक्यात गेलेला. पण चांगलंय. सोड बाबा, सोड. आपल्या घराण्याने मारलेत तेवढे पुष्कळ झाले."

खाडीच्या तोंडाशी बगळ्या नावाचा खडक आहे. उधाणाच्या ओहोटीला तो उघडा पडतो, आणि बायका कालवं फोडायला तिथे जातात. चालत जाता येत नाही, मध्ये खोल पाणी आहे. कुणीतरी होडीने सोडायचं, कुणीतरी आणायचं. सोडणाराच आणील असं नाही. खडकावरच्या बाईचं काम झालं की ती काठीला लाल फडकं बांधून उभं करते. जी होडी आणणार असेल, ती वल्हं सरळ वर उभं धरते. मशीनच्या आवाजात हाका कुणाला ऐकू येणार? वल्हं वर झालं की विषय संपला. 'मी येतो' असा तो शब्द असतो. मग दुसरी होडी खडकाला घासून जात असली तरी थांबत नाही. थांबली तर पहिल्याचा अपमान, तुझ्या शब्दावर भरवसा नाही असं त्याच्या तोंडावर म्हटल्यासारखं. नारूच्या आठवणीत तो शब्द कधी कुणी मोडला नव्हता.

कार्तिकातल्या पुनवेचा दुसरा दिवस. पहाटे नारूने भिकीला बगळ्यावर सोडलं. बाकीच्या बायका डहाणूला लग्नाला गेल्या होत्या, ती एकटीच होती. "साडेआठ-नऊला ये. पाणी आज लवकर चढेल," ती म्हणाली. नारू म्हणाला, "तुझ्याआधी मला ठाऊक." मग त्याने धक्क्यावरून हितेशभाईंना घेतलं. खडकावर बहीण आहे हे त्याने त्यांना सांगितलं नाही, तेव्हा नाही की पुढे कधी नाही. महिन्याभरापूर्वी एका पाहुण्याने होडीत कालवांच्या टोपल्या बघून नाक मुरडलं होतं. 'गाइड आहेस की टेम्पोवाला?' असं हसत विचारलं होतं. ते नारूला लागलं होतं. एवढीशी गोष्ट. पण माणूस असल्याच गोष्टींपायी गप्प बसतो.

साडेआठला हितेशभाईंच्या काठीला तो मासा लागला. काठी कमानीसारखी वाकली, दोर करकरत सुटायला लागला. जिताड्याने एकदा पाण्याबाहेर उसळी मारली. पंधरा किलो तरी असेल. त्याच क्षणी नारूची नजर मागे गेली. बगळ्यावर लाल फडकं उभं होतं.

खडकापलीकडून प्रविणची होडी जाळी उचलून परत येत होती. प्रविण नारूच्या बरोबरीचा, एका शाळेतला. त्याने फडकं बघितलं होतं. त्याची होडी वळायलाही लागली होती.

आणि नारूने वल्हं वर केलं.

विचार करून नाही केलं. हात आपोआप गेला, जन्मभर गेला तसा. माझी बहीण, मी सोडली, मी आणणार. हा मासा दहा मिनिटांत दमेल, मग जातोच. लांबून प्रविणने हात हलवला, होडी सरळ केली आणि तो गावाकडे निघून गेला.

मासा दहा मिनिटांत दमला नाही. तो खाडीत आत पळाला, तिवरांच्या मुळांकडे, आणि त्याच्या मागे होडी न्यावी लागली. वळण आलं आणि खडक दिसेनासा झाला. अर्ध्या तासाने जिताडा होडीला लागला तेव्हा तो उताणा झाला होता, पोट वर, कल्ले जेमतेम हलत होते. नारू कमरेपासून ओणवा झाला आणि त्याने त्याला दोन्ही हातांनी पाण्यात सरळ धरलं. हितेशभाई फोटो काढत होते. "पाणीमां ज राख, नारू! मरवा ना देतो!" ते म्हणत होते, पाण्यातच ठेव, मरू देऊ नको. पण घाईने सोड किंवा थांब, असं काही ते म्हणाले नव्हते. तेवढं नारू त्यांच्या अंगावर ढकलू शकत नव्हता. 'भाई, माझी बहीण खडकावर आहे' एवढंच बोलला असता, तर त्या माणसाने स्वतःच्या हाताने दोर कापला असता. नारू बोलला नाही. मासा मरत होता आणि नारूला तो जगायला हवा होता. त्याने त्याला पुढे-मागे हलवलं, कल्ल्यांतून पाणी खेळवलं, त्याच्याशी बोलला. अजून वेळ आहे, असं मनात म्हणत राहिला. मग शेपटी हलली. मग तो झटका.

वळण पार करून होडी बाहेर आली तेव्हा बगळ्याच्या जागी नुसतं पाणी होतं. काठी नव्हती. फडकं नव्हतं.

भिकी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. कमरेला बांधलेली कालवांची जाळी सुटली नव्हती. पोहणारी बाई, पण तेवढ्या वजनाने कोण वर येणार? गाठ पाण्याने आवळली होती. ती कापायला शांतीला कोयता लागला.

तेराव्याला सगळे बसले असताना भिकीच्या नणंदेने, धोंडीने, प्रविणला सगळ्यांदेखत विचारलं, "तू तिथूनच आलास ना रे? फडकं दिसलं नाय तुला?"

"दिसलं," प्रविण म्हणाला. "मी वळत होतो. पण नारूने वल्हं वर केलं."

सगळ्यांच्या माना नारूकडे वळल्या. नारूचं मुंडण केलेलं डोकं खाली होतं. त्याच्या तोंडून जे निघालं, ते त्याने आधी ठरवलं नव्हतं. "माझ्या दोन्ही हातांत मासा होता. वल्हं कशाने उचलू?"

हितेशभाईंनी काढलेला फोटो तोवर साऱ्या गावाच्या फोनवर फिरला होता. दोन्ही हात पाण्यात, हातांत केवढा तरी जिताडा. प्रविणने नारूकडे बघितलं. मग उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. त्यानंतर त्याने पुन्हा कधी ती गोष्ट काढली नाही, आणि गावाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. फडकं बघून पुढे गेलेला माणूस. हळूहळू त्याच्या होडीवर कुणी चढेना. त्याची बायको रुपल मासळीबाजारात बसली की शेजारच्या बायका टोपली उचलून सरकायच्या. त्यांत शांती पहिली असायची. नारू हे सगळं बघत होता. रोज म्हणायचा उद्या सांगू. डिसेंबर गेला, होळी गेली. पाहुणे येत राहिले, मासे सुटत राहिले. सीझनभरात एक्केचाळीस जिताडे सोडले, एकही मेला नाही. ग्रुपवर सांगण्यासारखं होतं ते.

किनाऱ्यावर होड्या ओढणाऱ्यांची आरोळी थांबली तसं त्याने मान वर केली. सगळ्या होड्या वर आल्या होत्या. खाली ओल्या वाळूत एकच राहिली होती. प्रविण पाठीने रेटत होता, रुपल पुढून दोर ओढत होती. होडी वीतभरही हलत नव्हती. भरती लागली होती आणि पाणी मागून येत होतं. वर पंचवीस माणसं अंग पुसत, पाणी पीत उभी होती. कुणी काही वाईट बोलत नव्हतं. नुसतं कुणी त्या बाजूला बघत नव्हतं.

नारू उठला. होडीतून वल्हं काढलं. तेच वल्हं, त्याच्याकडे दुसरं नव्हतं. ते घेऊन तो खाली उतरला आणि माणसं नि होडी यांच्या मधोमध उभा राहिला. मग त्याने ते सरळ वर उभं धरलं.

"असं," तो ओरडला. "असं धरलेलं मी त्या दिवशी. मासा हातात यायच्या आधी. प्रविण वळलेला. मी वल्हं वर केलं म्हणून तो गेला. तेराव्याला मी खोटं बोललो."

प्रविणने रेटणं थांबवलं नाही. त्याने वळूनही बघितलं नाही.

बायकांच्या घोळक्यातून शांती पुढे आली. तिचा चेहरा नारूला ओळखू येईना. ती अगदी जवळ येऊन उभी राहिली, आणि सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिने त्याला अरे-तुरे केलं.

"मासा किती वेळ धरून होतास?"

"वीस मिनिटं असतील."

"उताणा झालेला ना तो?"

"हो."

"जगला?"

नारूला वाटलं, खोटं बोलावं. एवढं एकच खोटं बोलावं. "जगला," तो म्हणाला.

शांतीने मान हलवली, बाजारात भाव ऐकल्यावर हलवते तशी. मग ती त्याच्या बाजूने पुढे गेली, रुपलच्या मागे उभी राहिली आणि तिने दोर हातात घेतला. धोंडी आली. मग बाकीचे आले, एकेक करून, खाली मान घालून. कुणी खांदा लावला, कुणी होडीखाली ओंडके सरकवले. नारूने वल्हं वाळूत टाकलं, धावत जाऊन दोराचं शेवटचं टोक धरलं आणि टाचा रोवल्या.

शांती मागे वळली. तिने त्याची बोटं एकेक करून दोरावरून सोडवली.

"तू नको," ती हळूच म्हणाली. "तुझे हात त्या माशालाच पुरले."

आरोळी उठली. होडी हलली आणि वर जायला लागली. नारू पाण्याच्या कडेला तसाच उभा राहिला. खिशात फोन दोनदा वाजला, हितेशभाईंचाच असणार. त्याने तो काढून बघितला नाही.