खाल्लेली फरशी

ठेकेदारबाईंनी लांब सळई कचऱ्याच्या ढिगात खुपसली. सळई आत गेली, तिच्यामागोमाग हात कोपरापर्यंत गेला, तरी टोकाला काही लागेना. बाईंनी हात बाहेर काढला, हातमोज्याकडे पाहिलं आणि समितीला विचारलं,

"खाली काय आहे?"

"फरशी," ज्युनिअर म्हणाली.

समितीतले बाकीचे एकदम छताकडे पाहू लागले. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

ज्युनिअर म्हणजे समितीतली कनिष्ठ अभियंता. शहरभरचा कचरा इथे उतरायचा, निवडला जायचा आणि मोठ्या गाड्यांतून पुढे जायचा, निदान कागदावर तरी. हे केंद्र आता कोणाला चालवायला द्यायचं, ते समितीने ठरवायचं होतं. ते बांधून घेतलं होतं ज्युनिअरच्या वडिलांनी. पण पुढे नेणाऱ्या गाड्या पहिल्या आठवड्यापासूनच उशिरा येऊ लागल्या, ढीग साठला तो साठलाच, आणि एके दिवशी कोणीतरी म्हणालं, खाली फरशी आहे कशावरून? लोक सिमेंट खातात, डांबर खातात. या साहेबांनी अख्खी फरशी खाल्ली असणार. चौकशी बसली. तिने ढिगाभोवती एक फेरी मारली आणि 'तूर्त सांगता येत नाही' असा निष्कर्ष काढला. बाबा निवृत्त झाले ते 'फरशीखाऊ' याच नावाने.

निविदा दोन होत्या. पहिली गुळगुळीत कागदावरची, दोघांनी मिळून उचलावी अशी. तिच्यात पानोपानी 'अत्याधुनिक' होतं. बाईंची पातळ होती. तिच्यात एक वाक्य होतं: 'रोज संध्याकाळी फरशी दिसेल.'

"दिसेल म्हणता," अध्यक्ष म्हणाले, "पण असली तर ना, बाई!"

"नसली तर नाही दिसणार. तीन दिवस द्या, मोकळं करून दाखवते."

प्रात्यक्षिक घ्यायचं की नाही, हे तांत्रिक सदस्याने ठरवायचं होतं, आणि तांत्रिक सदस्य ज्युनिअरच होती. वडिलांमुळे मला समितीतून वगळा, असं तिने आधीच लिहून दिलं होतं. अध्यक्षांनी तो अर्ज वाचून परत केला होता. "नात्यातल्यांनी उठायचं म्हटलं तर आधी मला उठावं लागेल. तो पहिल्या निविदेवाला ठेकेदार माझा साडू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने बाबांना प्रात्यक्षिकाचं सांगितलं. बाबा शर्टाला बटण लावत होते.

"कशाला त्या बाईला त्रास?" ते म्हणाले.

"त्रास कसला? तुमचं नाव तरी एकदाचं..."

"झाकली मूठ बरी असते गं."

आणि सुई बोटात गेली. बाबांनी बोट तोंडात धरलं. तिने त्यांना आजवर कधीच विचारलं नव्हतं, कारण विचारणं म्हणजे शंका घेणं. आज शंका आपणहून चहाला येऊन बसली होती.

कचेरीत जाऊन तिने लिहिलं, 'प्रात्यक्षिक व्हावे.' पेन मध्येच अडलं. तिने ते झटकलं आणि वाक्य पुरं केलं.

प्रात्यक्षिकाच्या पहिल्या दिवशी समिती नाकाला रुमाल लावून आली. बाईंची माणसं ढीग नुसता उपसत नव्हती, निवडत होती. पुठ्ठा इकडे, लोखंड तिकडे, काच भिंतीशी, आणि दाबयंत्रातून प्लॅस्टिकचे गठ्ठे इतके घट्ट बाहेर पडत होते की त्यांच्यावर बसून जेवावं. वरच्या थरात कालच्या पिशव्या होत्या. त्याखाली मोबाइलची खोकी, मग मागे पोट सुटलेले टीव्ही, मग कॅसेटींच्या फितींचं मैदानभर जंजाळ. शहर उलटं जगत खाली चाललं होतं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा रुमाल खिशात गेला. ढिगातून निघालेल्या एका टाइपरायटरसमोर ते उभे राहिले.

"हा आमच्या खात्यातला," ते म्हणाले, जुना सहकारी भेटावा तसे.

ढीग खाली जाईल तसं छत वर जाऊ लागलं. बोललेलं घुमून परत येऊ लागलं, म्हणून सगळे आपोआप हळू बोलू लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी लोडरच्या दातांत काहीतरी लाल अडकलं.

"थांब, थांब!" वजनकाट्यावरचा म्हातारा धावत आला. "गालिचा आहे तो, उद्घाटनाचा! मोठे पाहुणे होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरला होता. गुंडाळायच्या आधीच पहिली गाडी आली."

"म्हणजे फरशी त्या दिवशीही कोणी पाहिली नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"गालिचा फार छान होता, साहेब."

लोडरचं इंजिन बंद झालं. बाईंनी गालिच्याचं एक टोक धरलं. दुसरं धरायला ज्युनिअर गेली. तो कुजका, ओला, तुकड्यातुकड्यांनी निघाला.

फरशी होती.

करडी, अखंड, भिंतीपासून भिंतीपर्यंत. बाईंनी पाण्याचा पाइप सोडला. पाणी क्षणभर थबकलं, मग सगळ्या रुंदीने एकदम निघालं आणि कोणी न ढकलता, न वळवता, पलीकडच्या जाळीत शांतपणे उतरलं. मागे डबकं म्हणून राहिलं नाही. ओल्या फरशीत छत दिसत होतं, छतातल्या फटीतलं आभाळ दिसत होतं.

अध्यक्षांनी बूट काढले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग सगळ्यांनीच काढले, आणि समिती मोज्यांवर फरशीच्या मध्यापर्यंत चालत गेली.

"काय उतार काढलाय हो," अध्यक्ष पुटपुटले. साडू त्यांच्या चेहऱ्यावरून त्या पाण्यासारखाच वाहून गेला होता.

ज्युनिअरने बाईंना पूर्ण गुण दिले, सही केली आणि थेट घर गाठलं. बाबा बाहेरच्या पायरीवर बसले होते. तिला धाप लागली होती. ती काही बोलायच्या आत त्यांनी तिचे भिजलेले पाय पाहिले.

"होती?"

"बाबा! तुम्हीच घातलीत ना?"

"घातल्यासारखं आठवत होतं." त्यांनी सरकून तिला पायरीवर जागा केली. "पण इतकी माणसं म्हणत होती. सगळीच काही खोटं बोलणारी नव्हती गं. मग मलाही वाटायला लागलं, खाल्ली असेल बुवा आपण."